खाली बसायचं नाही
आमचे वडील, आबा, उसाच्या बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस. हाडवैद्यानं हात टेकले, तेव्हा बैलगाडीत पिंजर अंथरून मी त्यांना मिरजेला नेलं. तिथं डॉक्टरांनी आत खिळा ठोकून पोलादी पट्टी बसवली. घरी सोडताना मला बजावलं, "तीन महिने जमिनीवर बसू द्यायचं नाही. पट्टी वाकली तर हे पुन्हा उभे राहणार नाहीत."

आबा मात्र खुशीत. येईल त्याला सांगायचे, "खुब्यात ट्रंकंची बिजागरी बसवलीया गड्या!"

पंधराच दिवसांत तार आली. थोरला भाऊ पलटणीबरोबर काश्मीरला होता, तिथंच गेला. गोठ्यात उभ्या उभ्या मी ती वाचली. वहिनी समोर शेण भरत होती. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. आबांची खाट भिंतीपलीकडं होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"भावजी, आबास्नी सांगू नगा," बोळा काढून ती म्हणाली. "पोरगं गेल्यावर बाप खाटंवर बसंल व्हय? भुईवरच बसत्याल. पाय जाईल त्येंचा."

मी भडकलो. भाऊ गेला आणि सुतक नाही, दहावा नाही, हे कसलं वागणं? पण तिचं खरं होतं. पोस्टमनला गळ घातली, गावाला गप्प केलं, आमचं घर मळ्यात, तिथं आबांपाशी कुणाला एकटं फिरकू दिलं नाही.

असे अडीच महिने काढले. वहिनी रोज आरशापुढं कुंकू लावायची. आबा विचारायचे, "पत्र आलं का रं?" मग मी जुनंच पत्र नव्यानं वाचायचो. कुत्रं भुंकलं की कोण आलं ते बघायला मी वाटेवर धावायचो. हाड लवकर जुळावं असं वाटायचं आणि जुळूच नये असंही वाटायचं. त्याची मला आजही लाज वाटते.

मिरजेला पुन्हा हाडाचा फोटो काढला. हाड जुळलं होतं. "आता खाली बसायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी येताच आबांनी कुबडी भिंतीला टेकवली. माझा हात झिडकारून हळूहळू खाली बसले, मांडी घातली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"बघ गं पोरी! बसलो का न्हाई?"

वहिनी उंबऱ्यात उभी होती. ते नीट बसलेत ना, हे तिनं पाहून घेतलं. मग पुढं आली आणि त्यांच्यासमोरच पदरानं कपाळ पुसलं.