फुगडीला दुसरी लागते

आज आमच्या विरारच्या सोसायटीत 'आपापल्या गावचा नाच' असा कार्यक्रम होता. गुजराती बायकांचा गरबा झाला, पंजाबी जोडप्याचा भांगडा झाला. मग माइकवरून माझं नाव आलं. "सावंतकाकू, सिंधुदुर्ग, फुगडी. सोलो!"

मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो, फुगडी एकटीने घालता येत नाही."

"काकू, मग नुसती ॲक्शन करून दाखवा."

हातांची फुली करून उभी राहिले. गावी समोरून जाऊबाई घट्ट धरायची, म्हणून मी बिनधास्त मागे झुकायचे. आज झुकलेच नाही. टाळ्या मात्र पडल्या.

इथे येऊन अकरा वर्षं झाली. विरार-नालासोपाऱ्यात कुणाला फुगडी येते का हो? येत नसली तरी चालेल, मी शिकवीन. फक्त हात सोडू नका.