हनीफभाऊंचा कोल्हा

हनीफभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसले होते. रविवारची दुपार, कुकर लावलेला, आणि चंद्रपूरच्या बागेतलं सकाळचं भांडण मनातल्या मनात पुन्हा एकदा जिंकून झालेलं. फोनवर त्यांची मुलगी होती. "बाई, अब्बा गेले." मी विचारलं, "कुठं?"... त्या प्रश्नाची दीड महिन्यानंतरही लाज वाटते.

आमची ओळख शाळेतली. मी विज्ञान शिकवायची आणि ते प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करायला यायचे. मूळचे धानोऱ्याचे, वडील हिरडा-बेहड्याचा व्यापार करायचे. यांनी मात्र चंद्रपूरच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा नाद मला त्यांनीच लावला. पन्नाशीत मला त्याच्या सरकारी परीक्षेला बसवलं आणि परवाना मिळाला तेव्हा अख्ख्या गल्लीत बालुशाही वाटली. मग सुरू झाली रविवार सकाळची कोल्ह्याची शिकार. कोल्हा म्हणजे साबणाच्या हिरव्या डबीत त्यांनी बसवलेला छोटा ट्रान्समीटर. तो त्यांनी बागेत लपवायचा आणि आम्ही सहा-सात जणांनी हातातल्या रेडिओवर त्याचा माग काढायचा. दर मिनिटाला रेडिओवर भाऊंचाच भरून ठेवलेला आवाज यायचा, "शोधा बाप्पा, शोधा. मी इथीच आहो." फिरायला आलेली माणसं आम्हाला वेड्यात काढायची. "लोकं वाघ पाहाले कुठून कुठून येते, अन् आपुन कोल्हा धुंडून राह्यलो," असं म्हणून भाऊ सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

माग काढायची युक्ती साधी होती. रेडिओ छातीशी घट्ट धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. आपलं अंग आड आलं की आवाज बुजतो. ज्या बाजूला तोंड केल्यावर तो सगळ्यात बुजेल, तिच्या उलट, थेट आपल्या पाठीमागे कोल्हा. मला हे अंगवळणी पडायला वर्ष लागलं. एकदा चिमूरच्या रस्त्यावरच्या माळावर मी आवाज बुजला तिकडेच तरातरा दोन किलोमीटर चालत गेले. घामाघूम होऊन परत आले तर भाऊ बाभळीखाली निवांत बसलेले. "बाई, तुमचं गणित बराबर, तोंड उलटं," एवढंच म्हणाले आणि थर्मासच्या झाकणातला चहा पुढे केला.

त्या शेवटच्या रविवारी मात्र आवाज कुठेच बुजेना. चारही बाजूंना सारखाच, कान किटवणारा. मी बाग पालथी घातली. बाकीचे फिरून फिरून माझ्याकडेच येत होते. आयतं शोधायला माझ्या मागे लागलेत असं वाटून मी त्यांनाही झापलं. भाऊ नेहमीच्या सिमेंटच्या बाकावर बसून हसत होते, एक हात छातीवर. "बाई, जरा..." म्हणाले, पण पुढे शब्द फुटेना. मला वाटलं, डबी बिघडली आहे आणि हा माणूस कबूल करत नाही. "जमत नसेल तर घरी बसा, हनीफभाऊ," मी सगळ्यांसमोर बोलून गेले. रेडिओ बंद केला, खांद्यावरची पिशवी सावरली आणि स्कूटर काढली. मागे वळून पाहिलं नाही.

पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली तेव्हा मी त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोजवळ, शमीमभाभींजवळ बसले होते. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "दोन दिवसापासून चार पावलं चालले का दम भरून येत होता. नोका जाऊ म्हटलं, तं म्हणे, बाई वाट पाहातीन. अन् तुमाले काई सांगू नोको म्हणे."

संध्याकाळी घर खायला उठलं. कुणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून तोच सकाळचा रेडिओ लावला... आणि हनीफभाऊ बोलले. "शोधा बाप्पा, शोधा. मी इथीच आहो." ज्या माणसावर तासाभरापूर्वी माती पडली, तो माझ्या स्वयंपाकघरात बोलत होता. मिनिटभराने पुन्हा तेच. दुसरं काही सुचेना म्हणून रेडिओ छातीशी धरला आणि गोल फिरले. आवाज कुठेच बुजेना. तेव्हा त्यांनी कधीतरी सांगितलेलं आठवलं, "चारी बाजूनं सारखाच आला का समजाचं, कोल्हा आपल्याच अंगाशी आहे." खुंटीवरची पिशवी उतरवली. छत्रीखाली हिरवी डबी होती.

आधी मला हसू आलं. पिशवी घेऊन बागभर मीच कोल्हा झाले होते! मग भाभींचे शब्द आठवले आणि खाली बसले. सकाळी चहा पिताना ती पिशवी मी बाकावर त्यांच्या शेजारी ठेवली होती. त्यांचा हात पुरेल अशी डबी लपवायला तेवढीच एक जागा होती. झाडापर्यंत जायचासुद्धा दम उरला नव्हता, आणि तरी माझा रविवार मोडू नये म्हणून हा माणूस आला होता. मी बागेतला प्रत्येक कोपरा शोधला, फक्त त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सेल संपला आणि डबी गप्प झाली. गेल्या रविवारी धीर करून नवा सेल घातला. मंडळी यायच्या आधी बागेत जाऊन डबी बाकावर ठेवली, ते बसायचे तिथेच. शंभर पावलं दूर जाऊन रेडिओ छातीशी धरला आणि हळूहळू फिरले. एका बाजूला आवाज अगदी बुजला. म्हणजे भाऊ थेट पाठीमागे. "चुकलं माझं, भाऊ," मी तशीच पाठमोरी म्हणाले. वळले असते तर बाक रिकामा दिसला असता. म्हणून वळले नाही.