सुंदररावांच्या नावाची दुरडी

सुंदररावांना पोचवून मंडळी परत आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. बाप्यांनी दारातच पायावर पाणी घेतलं, कडूलिंबाचा पाला चावून थुंकला आणि ज्यानं त्यानं आपापल्या घराची वाट धरली. घरात उरली चार माणसं. भिंतीला टेकलेली वच्छलाबाई, सकाळी बीडहून धावत आलेला तिचा मुलगा शिवशंकर, त्याची बायको वैजयंता आणि नऊ वर्षांची नात संस्कृती.

वच्छलाबाईचे डोळे दाराकडे लागले होते. रडून झालं होतं, आणि रडायला पुढं सगळा जन्म पडला होता. आत्ता ती वाट बघत होती दुरडीची.

वडवणीतल्या ह्या मारुतीमागच्या गल्लीची रीतच अशी, की ज्या घरात मयत झालं त्या घरची चूल तीन दिवस पेटत नाही. शेजारच्या बाया आपापल्या घरून भाकरी-पिठलं करून दुरडीत झाकून आणतात. त्याला कडू घास म्हणायचं. त्या पिठल्याला फोडणी नसते. आणा म्हणून कुणी सांगत नाही, आणि दुःखातल्या घरानं तर मागायचंच नाही. ते आपसूक यावं लागतं. ज्याचं माणूस गेलं त्यानं पहिला घास मोडायचा, तोवर घरातल्या लहान पोरानंसुद्धा तोंडाला काही लावायचं नाही. दुरड्या किती आल्या हे कुणी उघड मोजत नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. रामप्रसाद मास्तरांची आई गेली तेव्हा अकरा आल्या होत्या. त्या म्हातारीनं उभ्या जन्मात कुणाला चिमूटभर मीठ उसनं दिलं नव्हतं, तरी अकरा!

मग सुंदररावांना किती याव्यात? सोसायटीत शिपाई म्हणून तीस वर्षं काढली, कुणाचा कागद अडवला नाही, कुणाला अरे-तुरे केलं नाही. वच्छलाबाईच्या मनात पंधरा होत्या. पंधरा नाही तर नाही, बारा तरी. बाराच्या खाली आल्या तर ती गल्ली कसली?

आणि नवऱ्याचं सोडा, तिचं स्वतःचं काय कमी होतं? चाळीस वर्षं झाली, ह्या गल्लीत कुणाच्या घरून रडण्याचा आवाज उठायचा अवकाश, इकडं हिची काटवट खाली यायची. ज्वारी मालदांडीच लागायची. आठ दिवसांवरच्या पिठाला ती हात लावत नसे. पीठ विरी गेलं, त्यातला चिकटपणा गेला की भाकर तडकते, आणि तडकलेली भाकर मयताच्या दारी नेणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान, असं तिचं म्हणणं. घरात गॅस आला, शिवशंकरनं मिक्सर आणला, पण भाकर चुलीवरच व्हायची. तव्यावर पाणी फिरवून उलटली की चुलीच्या तोंडाशी टम्म फुगायची, वरचा पापुद्रा कागदासारखा सुटायचा. दुरडी डोक्यावर घेऊन ती अनवाणी निघायची आणि दुःखातल्या बाईच्या तोंडात पहिला घास आपल्या हातानं घालायची. "खा माय, खा. गेलेल्याच्या मागं कुणी जात नसतं."

खरं सांगायचं तर हे सगळं तिला आवडायचं. लोकांच्या दुःखात आपल्यावाचून पान हलत नाही, ह्याचीही एक चटक असते, आणि ती वच्छलाबाईला लागली होती.

पण देवानं हात दिला तशी जीभही दिली, आणि ती चांगली परजून दिली. बाईच्या नाकावर माशी बसायची नाही. दुसऱ्यांच्या दुरड्या आल्या की ही फडकं उचलून बघणारच. हिची जाड झाली, तिची करपली, ह्या पिठल्यात गुठळ्या किती! दोन वर्षांमागं रामप्रसाद मास्तरांच्या आईचं झालं तेव्हा तर कहर केला. समोरच्या भागवतची बायको सत्यशीला, अंगणवाडीवर नोकरी करणारी, गल्लीत नवी. तिनं बिचारीनं आयुष्यात पहिल्यांदा दहा माणसांच्या भाकरी थापल्या होत्या. वच्छलाबाईनं त्यातली एक उचलली, दाराच्या उजेडात धरली आणि तडकलेल्या कडेतून बोट आरपार काढून दाखवलं.

"मास्तरांची माय गेली ती गेली, आता घरच्यांनाबी मारायचा इचार हाय का गं?"

बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. मयताच्या घरात हसल्या! सत्यशीला खाली मान घालून उभी राहिली. चार दिवसांनी ती आपण होऊन वच्छलाबाईकडं आली आणि म्हणाली, "काकू, मला शिकवा की." तर ही काय म्हणाली? "हात लागतो त्याला. शिकवून येतंय व्हय?" पुढच्या मयताला सत्यशीलेनं स्टँडाजवळच्या पोळी-भाकरी केंद्रातून भाकरी आणल्या, एकसारख्या गोल, कुठं भेग म्हणून नाही. वच्छलाबाईनं पोळपाटावर लाटलेल्या ओळखल्या आणि दारातनंच परत लावल्या. "भाकरी इकतच्या, आता रडायलाबी माणसं भाड्यानं आणा म्हणावं."

सुंदरराव त्या दिवशी जेवता जेवता म्हणाले होते, "लई बोलतीस तू. उद्या माणसं भाकरीला भिऊन राहतील." ते महिन्यातून एखादं वाक्य बोलायचे, त्यातलं हे एक. वच्छलाबाईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि विषय संपवला.

घरात तरी वेगळं काय होतं? वैजयंता लग्न होऊन आली त्याला बारा वर्षं झाली. बीडला ती आयतं आलं-लसूण वाटण वापरते, पुडीतला मसाला वापरते, हे कळल्यापासून गावच्या चुलीपुढं तिला बसू दिलं नव्हतं. "तू बस, सुट्टीला आलीस," असं म्हणायची सासू, पण त्याचा अर्थ वैजयंतेला कळत होता.

दोन वाजले. संस्कृतीनं दोनदा आईच्या कानात काहीतरी सांगितलं, आईनं दोनदा तिला गप्प केलं. शिवशंकर सकाळपासून उपाशी होता, खांदा देऊन आलेला, उन्हानं तोंड काळवंडलेलं. वच्छलाबाईला वाटलं, बाया चुलीपुढं असतील. पंधरा घरच्या भाकरी व्हायच्या म्हणजे वेळ लागणारच.

अडीचला फटफटी वाजली. भागवत उतरला. त्याच्या दोन्ही हातांत दोन फुगलेल्या पिशव्या होत्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या. त्यानं त्या उंबऱ्याच्या आत ठेवल्या आणि चपला न काढताच म्हणाला, "काकू, गल्लीकडून हाय. सगळ्यांनी मिळून." शिवशंकरशी दोन शब्द बोलला आणि निघून गेला.

वैजयंतेनं पिशव्या सोडल्या. चंदेरी कागदाचे डबे निघाले. पनीर मसाला, दाल तडका, जिरा राईस. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तंदूर रोट्या, कांदा-लिंबाची पुडी, प्लास्टिकचे चमचे. फोडणीचा असा वास सुटला की संस्कृती उठून उभीच राहिली.

"हे काय हाय?" वच्छलाबाई म्हणाली.

"जेवण हाय, आत्या."

"कडू घास कुठाय?"

वैजयंतेनं रोट्यांवर वर्तमानपत्र परत ओढलं.

"दुरड्या कुठायत?" आता तिचा आवाज चढला. "गल्लीत काय सगळ्यांचे तवे फुटले? का ज्वारीला आग लागली? माझा माणूस गेलाय! लग्नाची पंगत हाय का, पनीर खायाला? मयताला फोडणी? तडका?"

"माय, दोन घास खा," शिवशंकर म्हणाला. "तू खाल्ल्याबिगर पोरीला देता येत न्हाई."

"न्हाई खायची मी."

"पोरगी सकाळधरनं उपाशी हाय."

वच्छलाबाईनं नातीकडं पाहिलं. पोरीची नजर डब्यावरून हलत नव्हती. मग जे ह्या गल्लीत कुणी कधी केलं नव्हतं ते वच्छलाबाईनं केलं. संस्कृतीला जवळ बोलावून म्हणाली, "समोर जा. सत्यशीला काकूला म्हण, आज्जीनं एक भाकर मागितलीय. एकच. कशीबी असू दे म्हण."

शिवशंकरनं कपाळाला हात लावला. कडू घास मागायचा नसतो, हे त्यालाही कळत होतं. पण पोरगी तोवर रस्ता ओलांडून गेली होती.

परत आली ती सत्यशीलेचा हात धरून. सत्यशीलेच्या दुसऱ्या हातात काही नव्हतं. डोक्यावर पदर घेऊन ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

"आमच्यात भाकर न्हाई काकू."

"पीठ तर असंल. एक थाप. मी कवा कुणाला मागितलं न्हाई, आज मागती."

"मागू नका काकू. लाज वाटती मला." सत्यशीलेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज सरळ होता. "सकाळी आमी सगळ्या मास्तरांच्या ओट्यावर बसलो होतो. कोण काय नेणार, ह्याचंच चाललं होतं. एकबी बाई म्हणंना की मी आधी नेते. तडकली तर? जाड झाली तर? काकू उजेडात धरतील. आज तरी धरणार न्हाईत, असं एक म्हणली, तर बाकीच्या तिच्याकडं बघाय लागल्या. मग ठरलं, हाटेलात सांगू. हाटेलाच्या भाकरीला कुणाचं नाव नसतं. शिव्या द्या न्हाईतर परत लावा, कुणाला लागत न्हाई."

वच्छलाबाईनं पदर कपाळावर ओढून घेतला.

"मी केलती काकू," सत्यशीला म्हणाली. "ओट्यावरून घरी जाऊन केलती. काकांनी मला एकदा सोसायटीतून कागद घरपोच आणून दिलता, माझं बाळ लहान होतं म्हणून. त्यांच्यासाठी केलती. चार थापल्या. तीन मोडल्या. चौथी बरी निघाली, जरा एका कडेला तडकली व्हती. फडक्यात बांधली. ह्या रस्त्याच्या मधोमध आले, आणि माझा पाय उचलंना."

"मग?"

"गाईला घातली."

सुंदररावांच्या नावानं गल्लीत एक भाकर झाली होती. एक खरी भाकर, कुणीतरी रडत रडत थापलेली, आणि ती दहा पावलांवरून माघारी फिरली होती.

"आणायचीस की गं वेडे," ती कशीबशी म्हणाली. "आणायचीस की."

सत्यशीलेनं पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. "आणली असती तर खाल्ली असती का तुमी?"

किती साधा प्रश्न! हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आजच्या दिवशी कुणी खोटं पकडणार नव्हतं. वच्छलाबाईनं तोंडसुद्धा उघडलं. पण तिला स्वतःची चांगली ओळख होती. नवऱ्याची चिता अजून विझली नव्हती, तरी तिनं ते फडकं सोडलं असतं, भाकर उचलली असती आणि तिचं बोट आपोआप त्या तडकलेल्या कडेवर गेलं असतं. तिला स्वतःची अशी शिसारी आली, की तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

सत्यशीलेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग "येते काकू" म्हणून गेली.

घरात कुणी कुणाकडं बघत नव्हतं. वच्छलाबाईनं हात पुढं केला. वैजयंतेनं रोटी दिली. गार होऊन रबरासारखी झाली होती. मोडेना, ओढून तोडावी लागली. तुकडा डाळीत बुडवून तिनं तोंडात टाकला आणि तसाच गिळला.

"खा गं पोरी," ती म्हणाली.

संस्कृती तुटून पडली. शिवशंकरही खाली बसला आणि मान वर न करता जेवू लागला. वच्छलाबाईनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. डाळीला मीठ बरोबर होतं, लसूण खरपूस तळलेला होता. त्या डाळीत एक खोड तिला काढता येईना, ह्याचाच तिला राग आला. सुंदरराव जाऊन अर्धा दिवस झाला नव्हता, आणि ती त्यांच्या नावाचं चवीनं खात होती.

वैजयंतेनं रिकामे डबे पिशवीत भरले, जमीन पुसली. मग हातात मोबाईल घेऊन सासूच्या जवळ येऊन बसली. बारा वर्षांत पहिल्यांदा ती स्वयंपाकातलं काही सासूला विचारत होती.

"आत्या, अजून दोन दिवस काढायचेत. उद्या सकाळी काय सांगू? हेच, का दुसरं?"

वच्छलाबाई दाराकडं बघत राहिली. समोरच्या घराचं दार लोटलेलं होतं. गल्लीत कुणी नव्हतं.

"हेच सांग," ती म्हणाली. "तिखट जरा कमी टाका म्हणावं. पोरीला झोंबतंय."