तीनची गाडी आणि साडेचारचे पाहुणे

दोन वाजून गेले तरी अध्यक्षांची खुर्ची रिकामीच होती. समोरच्या बाकांवर दहावीची नऊ पोरं घामेजून बसली होती. अंगात शेरवान्या, डोक्यावर काळ्या टोप्या, खिशात हॉल तिकीट. हॉल तिकीट म्हणजे परीक्षेला बसू देण्याची चिठ्ठी. ती हरवली की वर्ष गेलं. त्यामुळे दर पाच मिनिटांनी एकेकाचा हात खिशाकडे जात होता.

मी त्यांचा क्लास टीचर. गणित शिकवायचो. गोष्ट निजामाच्या अमलातली, हिंगोलीतल्या एका हायस्कुलातली. मॅट्रिकचं सेंटर परभणीला. पहिला पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोही गणिताचा. हिंगोली तेव्हा लाइनीवरचं शेवटचं स्टेशन. तीनची गाडी पकडायची, पूर्णेला उतरून दुसरी धरायची, की रात्री परभणी. ती चुकली तर पुढची गाडी पोचेपर्यंत तिकडे पेपर सुटलेला असणार. इतर गावांना गाड्या उशिरा यायच्या. आमची इथूनच सुटायची, त्यामुळे ती बिचारी अगदी वेळेवर निघायची.

मग त्याच दिवशी निरोपाचा जलसा कोणी ठेवला? आम्ही नाही ठेवला. आम्ही चार दिवस आधीचा ठेवला होता. पण अध्यक्ष म्हणून एक बडे साहेब यायचे होते. त्यांचा हुद्दा सांगत नाही, नातवंडं अजून याच भागात आहेत. साहेबांनी आपल्या दौऱ्याच्या सोयीने दिवस बदलला आणि कळवलं, 'दुपारी एकला येतो.' एकला आले असते तर सगळं झकास झालं असतं. साहेब गेले होते औंढ्याला. तिथे मुआयना, म्हणजे तपासणी, आणि तपासणीनंतर जेवण. तपासणी लवकर आटपते, जेवण आटपत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

त्या काळी जलसा म्हटला की आधी सरकारची इजाजत लागायची. इजाजतीच्या कागदावर अध्यक्षांचं नाव असायचं, म्हणून त्यांच्याशिवाय सुरुवातही करता येत नव्हती. शिवाय आमच्या दहावीच्या वर्गाची मंजुरी कच्ची होती. दर साली नव्याने मिळायची, आणि मिळायची ती याच साहेबांच्या शेऱ्यावर. त्यांना नाराज केलं तर पुढच्या साली दहावी बंद. मग हिंगोलीच्या पोरांनी दहावीसाठी परगावी जायचं, म्हणजे निम्म्यांनी घरीच बसायचं.

सव्वादोन झाले. दारात गणपतचे वडील येऊन उभे राहिले. गणपत वर्गात पहिला. वडील शेतकरी, आदल्या दिवशीच पुसेगावहून बैलगाडीत पोराची वळकटी घेऊन आले होते.

"मास्तर, काहून बसवून ठेवलं लेकराला? आगगाडी निघून जाईल ना!"

"साहेब यायचेत, पाटील."

"साहेब येईल न्हाई तर न येईल. पेपर साहेब लिहिणार हाय का?"

मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. हेडमास्तर हैदराबादचे, अत्यंत सभ्य आणि अत्यंत भित्रे गृहस्थ.

"साहब, पोरांना स्टेशनवर घेऊन जातो."

"और साहब आए तो? सामने कौन बैठेगा, मास्टर?"

"नववी."

त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मी म्हटलं, "साहेबांनी यंदाची दहावी पाहिलीय कुठे? नऊ पोरं हवीत. नऊ देतो."

हेडमास्तर उठले, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. "मैंने कुछ नहीं सुना," ते खिडकीला म्हणाले. नोकरीत वरिष्ठांकडून यापेक्षा स्पष्ट हुकूम मला कधी मिळाला नाही.

नववीत मी फर्मान काढलं, "मिसरूड फुटलेले पुढे या." आठच निघाले. नववा म्हणून युसूफला घेतलं, बाजारातल्या रंगाऱ्याचा. अंगाने लहान, पण बोलायला धीट. कपड्यांचा प्रश्न आलाच नाही, कारण दहावीच्या बहुतेक शेरवान्या नववीकडूनच मागून आणलेल्या होत्या. ज्याची त्याच्या अंगावर परत गेली. मी मात्र ओरडत होतो, "आधी खिसा रिकामा करा, मग शेरवानी काढा!" तरी एकाचं हॉल तिकीट राहिलंच होतं. युसूफने पळत आणून दिलं.

स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीला सहा मिनिटं होती. माझ्या खिशात चार पानी भाषण होतं, रात्र रात्र जागून लिहिलेलं. ते काढलंच नाही. "सोपं आधी सोडवा. उत्तर आलं तरी ताळा करा. एकमेकांना सोडू नका," एवढंच म्हणालो. पोरं एकेक करून पाया पडली, कोणी सलाम केला. दोन वर्षं ज्यांच्यावर खेकसलो, त्यांना निरोप द्यायला मला धड एक वाक्य सुचेना. डोळे भरून आले. आले ते आले, लपवायचं काय त्यात!

गणपतचे वडील म्हणाले, "मास्तर, तुमी काहून रडून राहिले? पोरगं तर माजं जाऊन राहिलं."

आणि मग तेही रडायला लागले. गाडी ठरल्या वेळेला सुटली.

साहेब साडेचारला आले. मोटार धुळीने माखलेली, चेहरा प्रसन्न. पुढच्या बाकावर नववीची नऊ पोरं मॅट्रिकचे चेहरे करून बसली होती. साहेब तासभर उर्दूत बोलले, आणि खरं सांगायचं तर फार छान बोलले. उद्या तुम्ही कुठल्या कुठे जाल, म्हणाले. त्यांना काय ठाऊक, उद्या ही पोरं याच शाळेत कवायतीला जाणार होती! मग त्यांनी एकेकाला हार घातला. युसूफपाशी थांबून विचारलं, "कल का पर्चा कैसा जाएगा?"

"साहब, अभी बहुत पढ़ना बाकी है," युसूफ म्हणाला. पोरगं एक शब्दही खोटं बोललं नाही.

साहेब खूश. "इसे कहते हैं इन्किसारी!" म्हणजे नम्रता. आणि त्या खुशीतच ते म्हणाले, "मैं आज परभणी जा रहा हूँ. दो लड़कों को मोटर में ले चलता हूँ. इस छोटे को तो जरूर."

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. साहेब मनाने चांगले होते, पंचाईत तीच होती. मी पुढे झालो. "साहब, ये लड़के एक दूसरे को छोड़कर नहीं जाएँगे. जाने का पूरा इंतजाम हो चुका है." यातही खोटं काही नव्हतं. साहेबांनी मान डोलावली, शेरा चांगला लिहिला आणि निघून गेले.

निकाल लागला. नऊ बसले, सात पास. गणपत पहिल्या वर्गात. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

पुढच्या साली हेडमास्तरांनी पुन्हा त्याच साहेबांना बोलावलं. दौऱ्याच्या सोयीने दिवसही पुन्हा तोच, पेपरच्या आदला. या खेपेला साहेब बरोबर दोनला हजर. हेडमास्तरांनी रिपोर्ट वाचला, "गेल्या साली नऊ बसले, सात पास." टाळ्या झाल्या. साहेब हार घालायला उठले. पहिल्या पोरापाशी थोडे थांबले, दुसऱ्यापाशी जास्त थांबले. युसूफपाशी आले तेव्हा हार हातातच राहिला.

"तुम तो वही हो. जिसका बहुत पढ़ना बाकी था."

"जी साहब. अब पढ़ लिया."

साहेब माझ्याकडे वळले. "मास्टर, नौ में से सात पास, तो बचे दो. यहाँ तो आठ-नौ पुराने चेहरे बैठे हैं. ये कौनसा हिसाब है?"

हेडमास्तर खिडकीकडे बघायला लागले. मला मात्र भीती वाटली नाही. सात पोरं पास होती आणि त्यांना परत कोणी नापास करू शकत नव्हतं.

"हिसाब बराबर है, साहब," मी म्हणालो. "पिछले साल गाड़ी तीन बजे छूटी. आप साढ़े चार बजे तशरीफ लाए. जिनका इम्तिहान था, वो गाड़ी में बैठे. ये आपके सामने बैठे."

साहेबांनी युसूफच्या गळ्यात हार घातला, टोपी जरा सरळ केली आणि मला विचारलं, "गाड़ी आज भी तीन की है?"

"जी."

त्यांनी घड्याळ पाहिलं, हातातलं भाषण घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "चलो, स्टेशन."

साहेब पुढे, हार घातलेली पोरं मागे, त्यामागे वळकट्या घेऊन आईबाप. बाजारातली माणसं दुकानाबाहेर येऊन बघत होती. प्लॅटफॉर्मवर साहेबांनी भाषण केलं नाही. एकेकाचं हॉल तिकीट मात्र स्वतः तपासलं. त्या साली शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'दहावीची मंजुरी कायम करावी.'

मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली आणि निरोप समारंभाच्या पत्रिका लिहायचं काम माझ्याकडेच राहिलं. पहिल्या ओळीत गाडीची वेळ लिहायचो. पाहुण्यांचं नाव त्याखाली.