राहीबाईची बिनधुराची शेगडी

राहीबाईचा विश्वास मिळवणे हे ऊस तोडण्यापेक्षा अवघड काम आहे, असे टोळीत म्हटले जाई. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातून दर हंगामाला ती कारखान्याच्या तळावर येई आणि पाण्याची चव, मिठाचा रंग, मुकादमाचे हसू या सगळ्यांकडे सारख्याच बारीक डोळ्यांनी पाही. पोटची तीन लेकरे तान्हेपणीच गेलेल्या बाईला जगाने दुसरे काही शिकवले नव्हते. उरला होता एकटा रंगनाथ. आणि त्याची बायको बनुबाई १९७१च्या हिवाळ्यात तळावरच बाळंत झाली.

कोपीचे, म्हणजे पाचटाच्या झोपडीचे, बांबू अजून मिळाले नव्हते. तट्ट्याचे छप्पर चढवलेली बैलगाडी हेच त्यांचे घर. थंडीने बाळाचे ओठ निळसर दिसू लागले होते आणि चूल आत न्यावी तर धुराची भीती. तेव्हा मुकादम भिमाजी लोखंडी शेगडी आणि कोळसा घेऊन आला.

"घ्या मामी. धूर न्हाई, काई न्हाई."

"धूर न्हाई, मग त्यो जातो कुठं?"

"आता त्याचा बी जाब मागता व्हय?"

"फुकट देतूस म्हनून मागते."

कोळशावर याने काही शिंपडले असेल का, ही शंका तिला सोडीना. बनुबाईला बाळासह बाहेर चुलीपाशी बसवून ती पेटती शेगडी घेऊन एकटीच गाडीत शिरली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून गोणपाटाचे पडदे तिने आधीच सुतळीने शिवले होते, फटी शेणाने लिंपल्या होत्या. ऊब छान आली. मग डोके जड झाले. बोटे मिटेनात. कशीबशी पडदा ओढत ती बाहेर गाडीच्या दांडीवर कोसळली.

शुद्धीवर येताच तिने भिमाजीला बोलावले. "काय घातलंस कोळशात?"

"शपथ घेतो, मामी!"

"शपथ नगं. हितं बस."

उघड्यावर तोच कोळसा मधे ठेवून दोघे बसले. भिमाजी कंटाळून जांभया देत राहिला. राहीबाईचे जड डोके तर हलके होत गेले. कोळसा तोच, शेगडी तीच. तिची नजर सावकाश गाडीकडे वळली: गोणपाटावर, सुतळीवर, स्वतःच्या हाताने लिंपलेल्या शेणावर. आजवर तिने ज्यावर संशय घेतला नव्हता, असे तेवढेच उरले होते.

ती उठली आणि विळ्याने शिवण उसवू लागली.

"आत्याबाई, वारं लागंल की!" बनुबाई घाबरली.

"लागू दे जरा. वारं निदान अंगावर आल्यालं कळतं तरी, आत कोंडल्यालं कळत न्हाई."

शेगडी बाहेरच राहिली. तिच्यावर विटा तापल्या, फडक्यात गुंडाळल्या गेल्या आणि बनुबाईच्या पायाशी गेल्या. प्रत्येक वीट राहीबाईने आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली. बाळाचे ओठ लाल झाले तेव्हा भिमाजी म्हणाला, "आता तरी इस्वास बसला का?"

"इटंवर बसला," ती म्हणाली.