जालिंदरचा मध्यम

जालिंदर साळवेच्या हाती पाईप आला की तो आधी मांडीवर आपटून बघायचा, मग जोडायचा. राहुरीच्या आसपासच्या वस्त्यांवर ठिबक बसवणं, मोटारीची लाईन ओढणं, घरातले गळके नळ दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. ऊस तहानलेला, शेतकरी बांधावर उभा, आणि हा पाईप कानाशी धरून बसलेला.

"जालिंदरभाऊ, पानी काढायचंय का गानं?"

"आवाजावरनं कळतं, पाईप कुठं चिरलाय ते," तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. खरं तर त्याला तसं काही कळत नसे. नुसतं ऐकायला आवडायचं, एवढंच.

गावातल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत तो पेटी वाजवायचा. एप्रिल लागला की पार्टी आज या गावात, उद्या त्या गावात. एकदा शेवगावहून परतताना उघड्या टेम्पोत वळवाच्या पावसानं गाठलं आणि पेटी भिजली. उन्हात वाळवली, एका ओळखीच्या माणसानं आतल्या पट्ट्या खरडून दिल्या, पेटी पुन्हा गाऊ लागली. फक्त मध्यमाचा सूर तेव्हापासून किंचित खाली बसला. पहिल्या वर्षी ढोलकीवाला पंकज म्हणाला, "म खाली गेलाय रं." पुढच्या वर्षी तोही विसरला. गाणाऱ्यांचे गळे पेटीच्या मागं गेले, ऐकणाऱ्यांचे कान गळ्यांच्या मागं. बाहेरगावचा एखादा गायक कपाळाला आठ्या घालायचा, तर जालिंदर हळूच म्हणायचा, "त्याचाच घसा बसलाय."

त्याची मुलगी निकिता नववीत. सातवीत असताना तिचा थर्माकोलचा ज्वालामुखी ऐन परीक्षकांसमोर पेटलाच नव्हता. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं, एकदा तरी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिलं यायचं. पहिला येतो तोच जिल्ह्याला जातो. यंदा तिनं घरामागं पडलेले पाईपचे तुकडे गोळा केले. लांब पाईप खालचा सूर देतो, आखूड पाईप वरचा. शाळेतल्या राजेश्वरी मॅडमनी सूत्र समजावून सांगितलं, तिनं लांब्या काढल्या, पाईप कापले, लाकडी चौकटीत ओळीनं बसवले. तोंडावर रबरी स्लीपरचा फटका मारला की पाईप असा काही घुमायचा, की शेजारच्या कोंबड्या पळून जायच्या.

सगळे सूर पेटीशी जुळले. म तेवढा जुळेना.

"वर चाललाय तुझा म," जालिंदर म्हणाला. "लांब पाईप घे."

"पप्पा, गणितात एवढीच लांबी येतीय. मी पुन्हा करून बघितलं."

"गणित चुकलं असंल. पेटी कशी चुकंल? एवढी वर्षं मानसं गातेत तिच्यावर."

"पोरगी म्हणतीय तर ऐका की जरा," चुलीपाशी बसलेली त्याची बायको सीमा म्हणाली.

"तू भाकरी बघ."

"बघतीयच. बरी हाय बिचारी, तुमच्या पेटीला न विचारता फुगती."

निकिता हसली, पण तिनं बापाकडं पाहिलं. त्यानं पेटीवर म धरला, तिनं पाईप वाजवला, आणि दोन्ही सूर एकमेकांना चावले. जालिंदरचा चेहरा असा उतरला, जणू कुणी घरातल्या माणसाला खोटं ठरवावं. त्या चेहऱ्यापुढं तिचं गणित टिकलं नाही. तिनं म साठी लांब तुकडा कापला.

प्रदर्शन राहुरीतल्या एका शाळेत होतं. पालकांना वर्गात मज्जाव, म्हणून जालिंदर खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभा. परीक्षक बाईंनी मोबाईल काढला. त्यात सुराची सुई दिसायची. सा झाला, रे झाला, ग झाला. म ला सुई घसरली. पुन्हा वाजवला, पुन्हा घसरली.

"बाकीचं छान आहे. हा मात्र खाली आहे. याची लांबी कशी काढलीस?"

निकिताची नजर खिडकीकडं जाऊन आली. जालिंदरला ती नजर कळली. आता ती खरं सांगणार, असं त्याला वाटलं, आणि त्यानं मान खाली घातली.

"मोजताना चुकलं माझं," निकिता म्हणाली.

सातवीपासून जपलेली गोष्ट पोरगी अशी सहज सोडून देत होती, तीही आपल्यापायी. आजवर एकाही गायकापुढं न नमलेला जालिंदर वळसा घालून दाराशी आला, चपला काढून थेट आत.

"मॅडम, तिचं न्हाई चुकलं. तिचा पाईप आखूड हुता, बराबर हुता. म्याच लांब करायला लावला. माझ्या पेटीचाच म खाली बसलाय, आन् मला ते कुनी सांगितलं तरी ऐकू येत नव्हतं."

"पालकांनी बाहेर थांबायचं असतं."

"व्हय, जातो. पन मार्क कापायचे तर माझे कापा."

वर्ग हसला. बाईही हसल्या, मग निकिताकडं वळल्या. "गणितानं किती हवा होता?"

"बोटभर कमी, मॅडम."

"मग कर दुरुस्त. तू स्वतः करायचं."

जालिंदर पळत जाऊन मोटारसायकलच्या पिशवीतली करवत घेऊन आला आणि खिडकीच्या गजांतून आत दिली. निकिता कापू लागली. पातं तिरकं चाललं. बाहेर जालिंदरचा हात हवेतच सरळ कापत होता आणि तोंड त्यानं दुसऱ्या हातानं दाबून धरलं होतं. अखेर तुकडा पडला. तिनं कड घासली, पाईप बसवला, स्लीपर मारली. सुई मधोमध थांबली.

मग बाईंनी विचारलं आणि निकितानं समजावलं: पाईप जुना असो की नवा, आतल्या हवेची लांबी बदलली की सूर बदलतो, आणि कान सवयीनं बदलतो. ती बोलत राहिली. तिला थांबवावं लागलं.

सगळे माना डोलवत होते. एकट्या जालिंदरला तो नवा म परका वाटत होता, घरात भलताच पाहुणा येऊन बसावा तसा. तरी त्यानंही मान डोलवली.

दुपारी निकाल वाचला. निकिता साळवे, पहिली. जालिंदरनं शिट्टी मारली, राजेश्वरी मॅडमनी डोळे वटारले, मग त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

चौकट टेम्पोत चढवायच्या आधी निकिता मैदानातच तिच्यासमोर बसली.

"पप्पा, सा पासून गा."

"हितं? लोकं बघतेत."

"बघू द्या. स्टेजवर गाता तेव्हा लोकं डोळं मिटून बसतात का?"

तो गायला. सा, रे, ग सरळ गेले. म सवयीनं खाली बसला. निकितानं म वर स्लीपर मारली. तो पुन्हा गायला, पुन्हा खालीच. तिनं पुन्हा मारली. पोरं जमा झाली. जालिंदरनं डोळे मिटले, मान ताणली, आणि गळा इंचाइंचानं वर सरकत पाईपाच्या सुराला जाऊन भिडला.

"धरा, धरा," ती म्हणाली, आणि तो खाली उतरायच्या आत तिनं पुढचा प वाजवला.