दामाजीचं वरकस

दामाजीबद्दल त्र्यंबकला खरं म्हणजे फारच थोडं ठाऊक होतं. त्याचं वय काय, भावंडं किती, तरुणपणी तो काय करायचा, यातलं काहीच त्याने कधी विचारलं नाही. अकरा वर्षांत भेटी झाल्या असतील बारा-पंधरा, त्याही बऱ्याचशा बांधावर, उभ्या उभ्या. तरी ठाण्यात वर्तकनगरच्या आपल्या घरात कोणी मातीचा विषय काढला की त्र्यंबकला आधी दामाजीच आठवतो. डोक्याला फडकं, हातात कोयता, आणि समोरचा माणूस काय म्हणतोय ते एक डोळा बारीक करून ऐकण्याची ती सवय.

पंच्याऐंशी साली त्र्यंबक ठाण्याच्या कचेरीत मातीच्या पाहणीवर होता. गावोगाव हिंडायचं, खड्डा खणायचा, माती ओली करून बोटांत चोळायची, आणि कुठली जमीन पिकाची, कुठली चराईची, कुठली निकामी, ते तक्त्यात भरायचं. माणूस बार्शीकडचा, काळ्या रानात वाढलेला. कमरेइतकी खोल माती नसेल तर तिला जमीन म्हणायला त्याची जीभ रेटत नसे.

कल्याणहून मलंगगडाच्या वाटेवर दामाजीचं गाव. खाली भाताची खाचरं, वर उतारावर गवत आणि विरळ ऐनाची झाडं. त्या उतारावर त्र्यंबकची पहार वीतभर गेली आणि मुरमावर खणकन वाजली.

“हे काय?” त्याने विचारलं.

“यं वरकस,” वाट दाखवायला सोबत आलेला दामाजी म्हणाला.

त्र्यंबकने हा शब्द आधी ऐकला नव्हता. विचारायची लाज वाटली. वरवरचा कस, म्हणजे कस नाहीच, असा अर्थ त्याने मनाशी लावला आणि गावाचा सगळा उतार ‘निकामी’च्या रकान्यात टाकून दिला.

एप्रिलमध्ये तो यादी वाचून दाखवायला आणि अंगठे घ्यायला पुन्हा गेला. दामाजीच्या ओटीवर माणसं जमली होती. उताराचे नंबर आले, आणि त्र्यंबक वाचत गेला, “निकामी, निकामी, निकामी...”

आधी दामाजी हसला. मग हसायचा थांबला.

“मना आयकू नीट नाय आला. काय लिवलंस, सायबा?”

“निकामी.”

आतून त्याची बायको जनाबाई चहाच्या कपबशा घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहिली. “आमची म्हस त्याच निकामी रानात चरते. त्या दुधाचा चा पिशील का परत नेऊ?”

माणसं खदखदा हसली. त्र्यंबकने मान खाली घालून कप घेतला. हसला नाही तो एकटा दामाजी. गावात बोलवा होता, की जी जमीन निकामी ठरेल ती खडीच्या खाणीला द्यायची. डोंबिवलीत इमारती उठत होत्या, त्यांना खडी हवी होती. खाणवाला माणूस येऊन उतार बघूनही गेला होता.

“चल,” दामाजी म्हणाला.

त्याने त्र्यंबकला खाचराच्या कोपऱ्यात नेलं. तिथे राब रचला होता. खाली शेण, त्यावर ऐनाच्या सुक्या डहाळ्या, त्यावर गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. दामाजीने वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावली. धूर जमिनीलगत सरकत गेला. या राखेत रोप वाढणार, आणि तेच रोप साऱ्या खाचरांत लावायचं.

“डहाली कुठली? वरची. गवत वरचं. शेन दिलं त्या म्हशीचं रान वरचं,” दामाजी म्हणाला. “कस वर हाय म्हनून त्याला वरकस बोलतान. तो खानवाल्याला दिलास, तं खाली भात काय तुझ्या कागदावर लावू?”

त्र्यंबकने यादीची घडी घातली. त्याने त्या दिवशी एकही अंगठा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तो यादी घेऊन साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. साहेब रत्नागिरीकडचे.

“काय रे, जीभ गिळलीस काय?”

“उतार चुकलाय, साहेब. निकामी नाही. चराई आणि राब.”

“सगळा तक्ता परत लिहावा लागेल. देशावरचा माणूस तू, राबाचं तुला काय कळतं?”

“कळलं नव्हतं, तेच सांगतोय.”

आयुष्यात साहेबांना दिलेलं त्याचं हे एकच सडेतोड उत्तर. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. त्र्यंबकने तीन दिवस बसून एकेचाळीस पानं पुन्हा लिहिली. खाण त्या गावात आली नाही.

त्यानंतर कल्याणच्या बाजूला काम निघालं की तो वाट वाकडी करून दामाजीकडे जायचा. वाकडी काकडी मिळायची, वालाची शेंग मिळायची, टोमणेही मिळायचे. जनाबाई चहा देताना न चुकता म्हणायची, “घे, निकामी दुधाचा.”

पुढे नव्वदच्या मागेपुढे खाचरांचे भाव चढले. एकेकाने विकली. शेवटी दामाजीच्या पुतण्यांनीही विकली, आणि त्यांच्या वाट्यांच्या मधलं आपलं एकट्याचं खाचर राखणं दामाजीलाही जमलं नाही. भाताच्या जागी भराव पडला, चाळी उभ्या राहिल्या. राब भाजायचं कारणच उरलं नाही. उतारावर मात्र अजून गवत होतं. तीन म्हशी चरत होत्या, आणि जनाबाईचं दूध डोंबिवलीत जात होतं.

शहाण्णवच्या डिसेंबरात त्र्यंबक गेला, तेव्हा दामाजी वर गवत कापत होता. महिन्याभराने तो वारल्याचं कळलं, पण त्या दिवशी तसं काही दिसलं नव्हतं. कापताना दम लागत होता, एवढंच. खाली चाळींचे पत्रे चकाकत होते. खाचरं वाचवायला आपल्याला काही करता आलं नाही, हे बोलावं असं त्र्यंबकच्या फार मनात होतं. पण तो वाकून कापलेलं गवत गोळा करू लागला. दामाजीने गवताचा भारा आवळला.

“बाबा, म्हशींना पुरतं का एवढं?” त्र्यंबकने विचारलं.

“पुरतंय. तिसरी गाभन हाय, तिला जरा जास्त लागतं.”

“बरं. निघतो मी, चारची एसटी आहे.”

“खालच्या वाटेनं नको जाऊ, चाळींच्या पान्याचा चिखल हाय. वरून जा.”